पहिलं घरटं मोजायचं नसतं

आधी माफी मागून घेते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. पहिली वेलांटी कुठे आणि दुसरी कुठे, हे मी अजून हाताला विचारते, आणि हाताला आता कंप सुटला आहे. अक्षर असं, की वाणसामानाची यादी मी लिहिली की मुलगा दुकानात जायच्या आधी ती घेऊन माझ्याकडेच येतो. ही वही नातीची. मागची पानं कोरी होती म्हणून घेतली. कुणाला दाखवायची नाही, तेव्हा माफी नक्की कुणाकडे मागते आहे ते मला सांगता येणार नाही. पण लिहायला बसले तर हात आधी तेच लिहायला लागला.

कारण घडलं ते असं. मुलाच्या ऊर्जानगरच्या क्वार्टरात गॅलरीत जास्वंदीची कुंडी आहे. तिच्यावर शिंपी पाखरानं दोन पानं शिवून घरटं केलं. सून म्हणाली, "आई, पाहा, एक घरटं!" मी पाहिलं आणि तोंडातून निघून गेलं, "त्याले मोजू नको." ती म्हणाली, "काऊन?" त्याचं उत्तर जुळवायला मला चार दिवस लागले, आणि जुळल्यावरही ते तोंडी सांगता येईना. म्हणून लिहिते.

आमचं माहेरचं घर तळ्याच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, होतं. वर तळं, खाली धानाच्या बांध्या, मागे जंगल. सावली तालुक्याचं गाव तिथून बैलगाडीनं अर्ध्या दिवसावर. गडचिरोली तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता, सगळा चांदा जिल्हाच होता. आम्ही ढिवर. बाबा तळ्यात मासोळ्या धरायचे, हिवाळ्यात शिंगाडे काढायचे, आणि उरलेल्या वेळात जाळं विणायचे. घराला वास मासोळीचा होता, पण तो आम्हाला येत नसे. पाहुणा आला की त्याच्या तोंडावर दिसायचा. सकाळी पहिला आवाज मायच्या उखळाचा. दुसरा आवाज पाळीच्या दगडाला बाबांचा डोंगा, म्हणजे खोड कोरून केलेली होडी, टेकल्याचा. या दोन आवाजांच्या मधे आम्हा लेकरांना उठायची मुभा होती. जेवायला भात आणि लाखोळीचं वरण, मासोळी मिळाली तर रस्सा, नाही मिळाली तर जवसाची चटणी. उन्हाळ्यात आंबील. मायच्या हाताला चव होती असं सगळ्या बायका आपापल्या आयांबद्दल लिहितात असं ऐकते. माझ्या मायचा रस्सा खारट व्हायचा. बाबा म्हणायचे, तळ्याचं पाणी गोडं आहे, कुठेतरी मीठ पडायलाच पाहिजे.

मी लाजाळू होते हे सांगणं म्हणजे तळ्यात पाणी होतं हे सांगणं. घरात परका माणूस आला की मी चुलीमागे जाऊन बसायची. एकदा मामा आले तर त्यांनाही परके समजून बसले. शाळेत मला घातलं ते हुशारीसाठी नव्हे. पटावर वीस पोरं नसली तर शाळा बंद होणार होती आणि एकोणीस होती. चौथी झाल्यावर विसावं पोरगं दुसरं मिळालं आणि मी घरी आले. पण लिहिता येणारं घरात मी एकटीच होते, आणि पुढचं सगळं त्यातून झालं.

तळ्यात पाच टापू होते. पूर्वी कधी पाळ उंच केली तेव्हा पाणी चढलं आणि जंगलातल्या टेकड्यांचे माथे तेवढे वर राहिले. मोठ्या टापूवर दाट झाडी होती. मोहाच्या टापूवर चार मोहाची झाडं; आम्ही फुलं वेचायच्या आधी त्यांच्या बुडाचा पाला जाळून जमीन साफ करायचो. बकऱ्यांचा टापू काठाजवळ होता. जेठ महिन्यात पाणी उतरलं की गाळातून बकऱ्या तिथे चालत जायच्या आणि तोंड पोचेल तितकं खायच्या. बगळ्यांच्या टापूवर बगळे होते, आणि त्यांच्या खाली जे काही होतं ते पांढरं होतं. सगळ्यात लांब एकला टापू. त्याच्यावर एक कुसुमाचं झाड, थोडी करवंदाची जाळी, आणि वारा.

पाखरमास्तर आले तेव्हा होळी नुकतीच झाली होती. नागपूरच्या कॉलेजात शिकवायचे. त्यांचं खरं नाव गावात कुणी घेतलं नाही. पाखरं पाहायला आले म्हणून पाखरमास्तर. बारीक माणूस, चष्मा दोऱ्यानं कानाला बांधलेला. तो पाण्यात पडू नये म्हणून. पाण्याला ते फार भ्यायचे. पोहता येत नव्हतं आणि ते कुणी न विचारता सांगायचे. मोठ्या पाखरांत त्यांना रस नव्हता. जंगलातली मुठीएवढी पाखरं, बुलबुल, शिंपी, नाचण, शिंजीर, सातभाई, यांतली कोणती टापूवर येऊन घरटं करतात आणि कोणती करत नाहीत, आणि का, एवढंच त्यांना पाहिजे होतं. बाबांनी हे नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "आन मंग?"

"मग काही नाही, झिबलभाऊ. तेवढंच."

"विकाचे काई?"

"नाही हो. कळायला पाहिजे."

बाबांनी मान हलवली. पैसेवाल्या माणसाला एखादी खोड असते, हे त्यांना ठाऊक होतं. मास्तर पैसेवाले नव्हते हे आम्हाला फार पुढे कळलं.

ठरलं ते असं. दोन उन्हाळे डोंगा त्यांच्या कामाला. मास्तर सुट्टीत येऊन-जाऊन असणार. ते नसतील तेव्हा बाबांनी मला पंधरा दिवसांनी एकदा पाची टापूंवर न्यायचं आणि मी घरटी मोजायची. आमचा डोंगा तेव्हा इतका जुना झाला होता की बाबा एका हातानं बांबू रेटायचे आणि मी करवंटीनं पाणी उपसायची. मास्तरांनी तो पाहिला, पुन्हा एकदा पोहता येत नसल्याचं सांगितलं, आणि चाळीस रुपये इसार काढून दिला. त्यातून मोहाचं अख्खं खोड आलं आणि सुतारानं ते कोरून नवा डोंगा केला. त्या डोंग्यावर आमचं घर पुढे कितीतरी वर्षं जेवलं.

मास्तरांनी मला मोजणी शिकवली. म्हणजे ते बाबांना सांगायचे आणि मी बाबांच्या मागे उभी राहून ऐकायची. पाच टापूंचे पाच तुंबे, म्हणजे वाळलेले पोकळ भोपळे. बुलबुलाच्या घरट्याला चिंचोका, शिंप्याला तुरीचा दाणा, नाचणीला गुंज, शिंजिराला करडीचा दाणा, सातभाईंना सीताफळाची बी. घरटं दिसलं की त्या टापूच्या तुंब्यात दाणा टाकायचा आणि घरी येऊन वहीत उतरवायचा. तुरीचे दाणे दोनदा उंदरांनी खाल्ले, ते मी आठवून पुन्हा टाकले. घरटी शोधायला मला आवडायचं. पाखरांना माझी लाज वाटत नव्हती आणि मला त्यांची. नाचण तर अंगावरच यायची. बोटभर पाखरू, शेपटी पंख्यासारखी उघडून, मला हाकलायला. तिचं घरटं आडव्या फांदीवर लहानशा पेल्यासारखं, बाहेरून कोळ्याच्या जाळ्यानं लिंपलेलं. मला ते मायच्या लिंपणापेक्षा चांगलं वाटायचं, पण मी बोलले नाही.

आता आमची एक रीत सांगते. जाळं काढलं की पहिली मासोळी तळ्याच्या देवाची. मरळ असो, वाम असो, प्रत्येक जातीची पहिली बाजूला काढायची, आणि मोजणी तिच्या पुढच्या मासोळीपासून सुरू करायची. ती पहिली मोजायचीच नाही. ठेकेदाराचा माणूस टोपल्या मोजायला यायचा, तोही तिच्याकडे पाहायचा नाही. शिंगाड्याचं तसंच, मोहाचं तसंच. हे कुणी मला शिकवल्याचं आठवत नाही. भात उजव्या हातानं खायचा हेही कुणी शिकवलेलं आठवत नाही. तर मी घरटी मोजायला गेले तेव्हा प्रत्येक टापूवर प्रत्येक जातीचं पहिलं घरटं दिसलं की झाडाच्या बुडाशी तांदळाचे चार दाणे ठेवायची आणि पुढे जायची. दुसरं दिसलं की तुंब्यात दाणा. मास्तरांना हे सांगायला पाहिजे असं मला वाटलं नाही. नागपूरलाही देव असेलच.

मोठ्या टापूवर घरटी बरीच होती, तिथे तुंबा वाजायचा. बाकीच्या टापूंवर असलंच तर एखाद्या जातीचं एकच जोडपं असायचं, आणि मास्तर त्या साली पाण्याच्या भीतीनं मोठ्या टापूपलीकडे आलेच नाहीत. बकऱ्यांच्या टापूवर एक नाचण, उंच फांदीवर. मोहाच्या टापूवर एक शिंजीर. एकल्या टापूवर करवंदीत एक बुलबुल. ते देवाला गेले. तुंबे रिकामे राहिले, आणि मी वहीत प्रामाणिकपणे शून्य लिहिलं. शून्य मला चांगलं यायचं.

दुसऱ्या साली होळीला मास्तर आले ते ओळखू येऊ नयेत इतके आनंदात. ओसरीवर बसले, चहा मागितला (आमच्याकडे चहा नव्हता, मायनं गुळाचं पाणी दिलं, ते त्यांनी चहा म्हणून प्यायलं), आणि पिशवीतून कागद काढला. पुढच्या महिन्यात मुंबईत पाखरं अभ्यासणाऱ्या लोकांची सभा होती आणि तिथे ते हा कागद वाचणार होते. "झिबलभाऊ, अठरा वर्षं पोरांना दुसऱ्यांनी शोधलेलं शिकवलं. हे पहिलं माझं स्वतःचं." मग त्यांनी ते बाबांना समजावून सांगितलं. टापू लहान असला की पाखरू तिथे घरच करत नाही. एकसुद्धा नाही. मोठ्या टापूवर सगळं, आणि चारी लहान टापूंवर शून्य. जणू कुणी रेघ ओढली आहे. "इतकं स्वच्छ उत्तर मी आजवर पाहिलं नाही," ते म्हणाले.

मी चुलीमागे होते. हातात वांगं होतं. ते कापायचं राहून गेलं.

मास्तर पाळीवर फिरायला गेले तशी मी मायजवळ सरकले.

"माय, बकऱ्याच्या टापूवर नाचण होती."

"होती तं होती."

"मास्तरच्या कागदात नाई."

"तू नाई सांगितली म्हून नाई."

"ते देवाची होती ना वं."

मायचा हात उखळात थांबला. तिला माझ्याहून लवकर समजलं. ती म्हणाली, "गप राह्य. कागद लिहून झाला. पाखरं काई कागद वाचाले येत नाई."

"पण खोटं हाय ते."

"आन त्यानं डोंगा वापस मागतला तं? बाप काय पोहत जाईन मासोळी धराले?" तिनं पुन्हा कांडायला सुरुवात केली. नेहमीपेक्षा जोरात.

ते दोन दिवस मी काय केलं ते आठवत नाही. वांग्याची भाजी झाली नाही हे आठवतं. एका बाजूला डोंगा होता. त्याच्या लाकडाचा गंधसुद्धा अजून गेला नव्हता. दुसऱ्या बाजूला मास्तर होते, जे मुंबईत मोठ्या लोकांपुढे उभे राहून माझी शून्यं वाचणार होते. आणि तिसरी गोष्ट म्हणजे मी परक्या माणसाशी तोवर एक शब्द बोलले नव्हते. खरं सांगायचं तर मला तिसरी गोष्टच सगळ्यात अवघड वाटत होती.

तिसऱ्या दिवशी बाबा आम्हाला घेऊन निघाले. मास्तर डोंग्याच्या मधोमध दोन्ही कडा धरून, मी टोकाला पाठमोरी. एकल्या टापूला लागलो तर करवंदीत बुलबुल. घरट्यात तीन अंडी. मास्तर अगदी वाकून पाहत होते. "अरे वा! हे यंदा नवीन आलं," ते म्हणाले आणि पेन्सिल काढली.

माझ्या तोंडून निघालं, "नवीन नाई."

बाबांनी वळून पाहिलं. मास्तरांनीही आजूबाजूला पाहिलं, कोण बोललं ते कळायला.

"मागच्या सालीबी होतं," मी करवंदीकडे पाहून म्हणाले.

"मग लिहिलं का नाहीस?"

"पहिलं होतं."

"पहिलं म्हणजे?"

"पहिलं देवाचं असते. त्याले मोजत नाई."

मास्तरांना काही समजलं नाही. मग बाबांनी बांबू गाळात रोवला, डोंगा धरून ठेवला आणि सगळी रीत सांगितली. मासोळीची, शिंगाड्याची, मोहाची. सांगताना त्यांच्या आवाजात काही चुकल्याचं नव्हतं. उलट पोरीनं रीत पाळली याचं थोडं बरंच वाटत होतं.

"प्रत्येक टापूवर?" मास्तरांनी विचारलं.

"हाव," मी म्हणाले.

"प्रत्येक जातीचं?"

"हाव. एक-एक."

मास्तरांनी चष्म्याचा दोरा सोडला, चष्मा पुसला, पुन्हा बांधला. मग डब्यातल्या पुऱ्या काढल्या आणि सगळ्या खाल्ल्या. आम्हाला द्यायचं त्यांना सुचलं नाही, आणि आम्ही मागितल्या नाहीत. खाऊन झाल्यावर त्यांनी वही माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, "तांदूळ कुठे-कुठे ठेवले, आठवतं?"

मला सगळं आठवत होतं. मी सांगत गेले आणि ते लिहीत गेले. माझ्या आयुष्यात इतकं लांब मी कुणाशी बोलले नव्हते. बगळ्यांच्या टापूवर खरोखरच काही नव्हतं, तिथलं शून्य खरं होतं. ते ऐकून मास्तर म्हणाले, "चला, एक तरी." परत येताना त्यांनी डोंग्याच्या कडा धरल्या नाहीत. बाबांना त्याची फार काळजी वाटली.

मुंबईला ते गेले नाहीत. येत नाही म्हणून कार्ड टाकलं. ते मीच पोस्टाच्या माणसाकडे नेऊन दिलं. पत्ता इंग्रजीत होता, म्हणून वाचता आलं नाही. ते कार्ड हातात घेऊन मी गावभर चालले तेवढं अंतर मला अजून पायांत जाणवतं.

संध्याकाळी बाबा ओसरीवर मास्तरांसमोर बसले.

"साहेब, एका सालाचं काम खोटं निघालं. इसार ठेवता येत नाई."

"अहो, तिची चूक नाही. मी विचारायला हवं होतं."

"तुमी इचारलं नाई ते तुमचं. आमी घेतले ते आमचं."

"मग डोंगा देता का?" मास्तर जरा वैतागूनच म्हणाले.

आत मायनं भांडं खाली ठेवलं.

"डोंगा दिला तं पैसे कसे फेडू?" बाबा म्हणाले. "डोंगा राहू द्या. पैसे देतो. थोडे-थोडे."

"निदान यंदा तरी सगळी घरटी मोजाल ना? देवाचं धरून?"

"थे नाई जमनार." बाबांनी अगदी साधेपणानं सांगितलं. मग बाबांनीच तोड काढली. "तुमी मोजा. तुमच्यावर आमच्या देवाचा नेम नाई. पहिलं तुमी मोजजा, दुसऱ्यापासून आमची पोरगी तानी मोजन."

त्यामुळे पाण्याला भिणाऱ्या त्या माणसाला तो अख्खा उन्हाळा दर खेपेला पाची टापूंवर यावं लागलं. पहिलं घरटं दिसलं की मी बोटानं दाखवायची नाही, नुसती थांबायची. मास्तर शोधायचे, कधी अर्धा-अर्धा तास. सापडलं की ते मोजायचे आणि मी तांदूळ ठेवायची. आमचं दोघांचं बरं जमलं.

आणि त्या उन्हाळ्यात खरं काय ते दिसलं. मागच्या साली बकऱ्यांच्या टापूवर असलेली नाचण यंदा नव्हती. एकल्या टापूवर शिंपी नवीन होता, तो खरोखर नवीन. मोहाच्या टापूवर खाली झुडपात घर करणारं एकही पाखरू नव्हतं, कारण खालचं सगळं आम्ही जाळलेलं. वर फांदीला लोंबणारा शिंजीर तेवढा होता. सातभाई कोणत्याच लहान टापूवर नव्हते. मास्तरांनी मला विचारलं, सातभाई का नाहीत? आता मी बोलायला लागले होते. म्हटलं, "ते सातजण मिळून हिंडतात. एकानं हो म्हटलं तरी सहा नाई म्हणत असतीन." मास्तरांनी हे लिहून घेतलं. त्यांचं लिहिणं पाहून मला माझ्या बोलण्याची भीती वाटली.

पण मुख्य गोष्ट नाचणीची होती. मास्तर म्हणाले, "जागा तीच, झाड तेच. मग गेली कुठे?"

"मेली असन. नाईतर सापानं खाल्ली."

"काठाच्या जंगलातही मरतात. तिथे तर दर साली असतात."

"तिथी एक मेली तं शेजारची येते," मी म्हणाले. "टापूले शेजार नाई. कोणाले कळाले पायजे ना, की घर रिकामं झालं."

मास्तरांनी वही पुन्हा उघडली. मग म्हणाले, "म्हणजे काठावर जे खूप आहेत, त्यांचं कुणी ना कुणी पुन्हा येणार. जे काठावरच मोजके आहेत, त्यांचं एकदा गेलं की गेलं." मी हाव म्हटलं. मला ते फार मोठं काही वाटलं नाही. आमच्याकडे विहिरीवरच्या बायकांना ते ठाऊक असतं. ज्या घरी दहा माणसं, त्या घरचं कुणीतरी लग्नाला येतंच. ज्या घरी दोन, त्यांच्यातलं एक आजारी असलं की कुणीच नाही.

त्यानंतरही मास्तर दर उन्हाळ्यात येत राहिले. पैसे घ्यायला नव्हे, मोजायला. पण बाबा प्रत्येक वेळी काहीतरी हातावर ठेवायचेच. कधी पाच, कधी दोन. शिंगाडे चांगले झाले त्या साली आठ. मास्तर आधी नको म्हणायचे. मग त्यांनी तेही सोडलं. एक तंबाखूचा पत्र्याचा डबा आणायला लागले आणि त्यात टाकायचे. माय मागून म्हणायची, "पाखरू मोजण्याचे पैसे पाखरू होऊन उडून राह्यले." बाबा ऐकायचे नाहीत. माझं मधल्या काळात लग्न झालं, वैनगंगेपलीकडे. मधे पाणी होतं, पण मी सातभाई नव्हते. गेले.

फेडायचे शेवटचे चार रुपये राहिले होते त्या उन्हाळ्यात मी माहेरी आले होते. मास्तरांचे केस पांढरे झाले होते. कागद त्यांनी तोवर पुन्हा लिहिला होता, मोठा, पाच उन्हाळ्यांचा. मुंबईची सभा त्याला मिळाली नाही. नागपुरातच कॉलेजच्या खोलीत वाचला आणि ऐकायला अकरा माणसं होती, असं त्यांनी सांगितलं. मग जरा थांबून म्हणाले, "म्हणजे बारा. पहिला मोजला नाही." बाबांनी मान हलवली. बरोबरच होतं ते.

बाबांनी चार रुपये पुढे केले. मास्तरांनी डबा उघडला. बाबांनी दिलेलं सगळं त्यात तसंच होतं, त्यांनी एक पैसा मोडला नव्हता. त्यांनी हे चार रुपये मिळवून सगळं ओसरीवर ओतलं, सुट्या चिल्लरीचे रुपया-रुपयाचे ढीग केले, चष्म्याचा दोरा घट्ट केला आणि मोजायला बसले. पहिला रुपया उचलला. उठले, आत गेले, आणि देवळीतल्या देवापुढे तो ठेवून आले. मग पुढच्या रुपयापासून सुरुवात केली. एक, दोन, तीन. आम्ही सगळे ऐकत होतो. शेवटचा ढीग सरकवून ते म्हणाले, "एकोणचाळीस."

ही त्यांनी मस्करी केली की काय, ते मला आजही ठरवता येत नाही. तोंड हसरं नव्हतं. पाच उन्हाळे ते आमच्यात मोजत होते. माणसाला सवय लागते.

बाबांनी ढिगांकडे पाहिलं, देवळीकडे पाहिलं. "बरोबर हाय," ते म्हणाले. "एक कमी हाय."

"झिबलभाऊ, अहो..."

"थांबा ना बाप्पा." बाबा मायकडे वळले. मायनं लुगड्याच्या पदराची गाठ दातानं सोडली, आतला रुपया काढला, आणि माझ्या हातात दिला, कारण मास्तरांच्या हातात ती थेट देणार नव्हती. मी ओसरीवर गेले आणि तो रुपया मास्तरांसमोर ठेवला.

त्यांनी तो उचलून शेवटच्या ढिगाशेजारी ठेवला.

"चाळीस," मास्तर म्हणाले.

"फिटले," बाबा म्हणाले.